मनातली धग



नागपूरहून बल्लारशाकडे जाताना वाटेत माजरी जंक्शन लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले हे कोळशाचे गाव. इथल्या एखाद्या मुलाला विचारा, "काडी न लावता आग लागते का रे?" तो चटकन होय म्हणेल. कोळशाचा मोठा ढीग बरेच दिवस पडून राहिला, की त्यातून कधीकधी आपोआप धूर येऊ लागतो.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. हवेतील ऑक्सिजनचा कोळशाशी अगदी सावकाश संयोग होत असतो आणि त्यातून थोडी थोडी उष्णता बाहेर पडते. ढिगाच्या वरच्या थरातली उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते, पण आतली अडकून पडते. आतला कोळसा तापला, की संयोगाचा वेग वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. शेवटी पोटातला कोळसा पेटतो. आपल्याला दिसतो तो मात्र नुसता धूर. नुसत्या वरच्या थरावर पाणी शिंपडून भागत नाही. तापलेला कोळसा उकरून, पसरून निववावा लागतो.

माणसाच्या मनातही असेच काही घडत असेल काय? वर दिसणारा त्रास हा धूर आणि आग कुठेतरी आत, असे असेल काय? सुमारे १४० वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात काही डॉक्टरांना हा प्रश्न पडला. त्यातून मनोविश्लेषण नावाची विचारसरणी जन्माला आली. ती कशी वाढली, कुठे चुकली आणि तिच्यातून आपण रोजच्या जीवनासाठी काय घ्यावे, हे आज पाहू.

पाण्याचा पेला

डॉ. योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात एका तरुण मुलीवर उपचार केले. शास्त्रीय लेखनात तिला 'ॲना ओ.' म्हणतात. तिचे हातपाय लुळे पडत, दृष्टी बिघडे, मातृभाषाही बोलता येईनाशी होई. शरीर तपासले तर या सगळ्याचे पुरेसे कारण सापडेना. अशा आजाराला तेव्हा हिस्टेरिया म्हणत. पुष्कळांना ते ढोंग वाटे. त्याही आधीच्या काळात लोक त्याला भूतबाधा समजत.

एकदा ऐन उन्हाळ्यात या मुलीला पाणी पिता येईना. तहान लागे, पेला हाती घेई, पण ओठाला लागताच दूर सारी. सुमारे सहा आठवडे ती फळांवर राहिली. पुढे संमोहित अवस्थेत बोलताना तिने एक प्रसंग सांगितला. घरातल्या एका बाईच्या कुत्र्याने पेल्यातून पाणी प्यालेले तिने पाहिले होते. तिला विलक्षण किळस आली होती, पण सभ्यपणापायी ती काहीच बोलली नव्हती. हे सगळे रागाने बोलून टाकल्यावर तिने पाणी मागितले आणि ती भरपूर पाणी प्याली. या उपचाराला तिनेच 'बोलण्याचा इलाज' असे नाव दिले.

ब्रॉयर यांचे तरुण मित्र डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांना ही हकीकत फार महत्त्वाची वाटली. दोघांनी मिळून १८९५ मध्ये हिस्टेरियावर पुस्तक लिहिले. बोलून दाखवले, की लक्षण जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण इथेच थोडे थांबा. १९७२ मध्ये हेन्री एलनबर्गर या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे शोधून काढली. ब्रॉयर यांचे उपचार संपल्यानंतर त्याच वर्षी या मुलीला आरोग्यधामात ठेवावे लागले होते, असे त्यांत दिसले. म्हणजे ती पुस्तकात सांगितल्याइतकी बरी झालेली नव्हती. तिचे खरे नाव बेर्था पापेनहाइम. अनेक वर्षांनी ती सावरली, अनाथ मुलींसाठी झटली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. तात्पर्य, एखादी गोष्ट कितीही पटण्यासारखी असली, तरी तिची तपासणी झालीच पाहिजे.

फ्रॉइड यांची कल्पना

फ्रॉइड यांचा जन्म १८५६ चा. पुढे त्यांनी संमोहन सोडून दिले. रुग्णाला कोचावर पडायला सांगायचे आणि मनात येईल ते न गाळता बोलू द्यायचे, ही त्यांची नवी पद्धत. तिला मुक्त साहचर्य म्हणतात. मनाचा फार थोडा भाग आपल्याला ठाऊक असतो, तो बोधमन. मोठा भाग आपल्यालाच ठाऊक नसतो, तो अबोध मन, असे त्यांनी मांडले. लाज, भीती किंवा अपराधीपणा वाटायला लावणाऱ्या इच्छा आपण नकळत आत लोटतो. या लोटण्याला त्यांनी दमन म्हटले.

दमन केलेली इच्छा स्वप्नात वेषांतर करून येते, असे त्यांनी १९०० सालच्या स्वप्नांवरील ग्रंथात सांगितले. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण ठाऊक असणाऱ्यांना त्यात फारसे नवल वाटणार नाही. १९०१ मध्ये त्यांनी बोलण्यातल्या चुकांकडे लक्ष वेधले. ऑस्ट्रियाच्या संसदेत एका अध्यक्षांनी 'सभा सुरू झाली' असे म्हणण्याऐवजी 'सभा संपली' असे जाहीर केले होते. सभा लवकर संपावी ही त्यांची इच्छाच तोंडातून निसटली, असा अर्थ फ्रॉइड यांनी लावला.

१९२३ मध्ये त्यांनी मनाचे तीन भाग मानले. समजा, उद्या चाचणी आहे आणि आज गावात कबड्डीचे सामने आहेत. 'आत्ताच्या आत्ता चल' म्हणते ते इदम्. 'खेळाचा विचारसुद्धा मनात आणू नकोस' असा दम देते ते पराहम्. 'आधी दोन तास अभ्यास, मग शेवटचा सामना' असा मार्ग काढते ते अहम्. मेंदूत असे तीन कप्पे सापडत नाहीत, हे मात्र विसरू नका. मनातली ओढाताण समजून घेण्यासाठी केलेली ही मांडणी आहे.

नववीच्या वर्गात

फ्रॉइड यांची मुलगी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये एक उपयुक्त पुस्तक लिहिले. नकोशा भावनेपासून बचाव करण्यासाठी अहम् ज्या युक्त्या वापरते, त्यांचे त्यांनी पद्धतशीर वर्णन केले. या युक्त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. पुस्तक दूरचे असले, तरी उदाहरणे तुमच्याच वर्गात सापडतील.

समजा, माजरीच्या एखाद्या शाळेत नववीच्या गणिताच्या चाचणीचे पेपर मिळाले आणि सात जणांना फार कमी गुण पडले.

पहिला पेपरावर वडिलांची सही घ्यायचे चार दिवस विसरतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्या खरेच लक्षात राहत नाही. हे दमन असू शकते.

दुसरी म्हणते, "हे गुण माझे नाहीतच, बाईंची बेरीज चुकली." बेरीज तिने तीनदा पडताळली आहे, तरीही. हा नकार.

तिसरा म्हणतो, "मला कुठे पुढे गणित घ्यायचे आहे?" कोल्ह्याला द्राक्षे आंबट! याला समर्थन म्हणतात.

चौथीला मैत्रिणीचा हेवा वाटतो आहे, पण ते स्वतःशी कबूल करणे जड जाते. मग तिला वाटू लागते, की मैत्रीणच आपल्यावर जळते. आपल्या मनातले दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे प्रक्षेपण.

पाचवा घरी जाऊन धाकट्या भावाला उगाच धपाटा घालतो. वड्याचे तेल वांग्यावर! याचे नाव विस्थापन. त्याचे वडील रात्रपाळी करून, कुणाचे तरी बोलणे ऐकून घरी आलेले असतात. ते आईवर चिडतात, आई याच्यावर आणि हा धाकट्यावर. रागाचे मूळ कुठे होते, हे शेवटच्या धपाट्याला कसे कळावे?

सहावी दुसऱ्या दिवशी पांघरूण ओढून निजते, लहान मुलीसारखी रडते आणि आईनेच भरवावे असा हट्ट धरते. वयाने मागे जाण्याच्या या प्रकाराला प्रतिगमन म्हणतात.

सातवा तासभर मैदानात धावतो, घाम गाळतो आणि मग वही उघडतो. रागाची ताकद त्याने चांगल्या कामाला जुंपली. हे उदात्तीकरण.

यांतली एकही युक्ती फक्त वाईट माणसेच वापरतात असे नाही. तुम्ही, मी, तुमचे शिक्षक, सगळेच त्या वापरतात. थोड्या वेळापुरता त्यांचा आधारही होतो. पण तीच सवय झाली, की खरा प्रश्न, म्हणजे न आलेले गणित, तसाच पडून राहतो.

शिष्यांचे मतभेद

फ्रॉइड यांच्याभोवती १९०२ पासून सहकाऱ्यांचे मंडळ जमू लागले. त्यातले कित्येकजण पुढे त्यांच्याशी भांडले आणि त्या भांडणांतूनच विचार पुढे गेला. आल्फ्रेड ॲडलर १९११ मध्ये वेगळे झाले. माणसाला ढकलणारी मुख्य गोष्ट म्हणजे कमीपणाची भावना आणि तिच्यावर मात करण्याची धडपड, असे त्यांचे म्हणणे. आपण सहज वापरतो तो 'न्यूनगंड' हा शब्द याच विचारातला. कार्ल युंग १९१३ च्या सुमारास दूर गेले. करेन हॉर्नाय यांनी फ्रॉइड यांची स्त्रियांविषयीची मते खोडून काढली. स्त्रीच्या मनावर समाजाच्या बंधनांचा परिणाम होतो, तो फ्रॉइड यांनी नीट पाहिलाच नाही, असे त्यांनी दाखवले.

तुमच्या वयाला सर्वांत जवळचे वाटतील ते एरिक एरिक्सन. मनाची घडण बालपणातच संपत नाही, ती जन्मभर चालते आणि किशोरवयातला मुख्य प्रश्न 'मी कोण?' हा असतो, असे त्यांनी मांडले. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपाच्या आधारे त्यांनी गांधीजींवर लिहिलेले पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कलकत्त्याचे पत्र

आपल्या देशात हा विचार टपालाने आला, असे म्हटले तरी चालेल. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमन या विषयावरच प्रबंध लिहून कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळवली. प्रबंध त्यांनी फ्रॉइड यांना पाठवला आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो १९३७ पर्यंत चालला. भेट मात्र कधीच झाली नाही. १९२२ मध्ये बोस यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली.

बोस नुसते अनुयायी नव्हते. बालपणातील ज्या एका भीतीला फ्रॉइड फार महत्त्व देत, ती आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, असे त्यांनी १९२९ मध्ये स्पष्ट कळवले. व्हिएन्नातल्या काही घरांवरून साऱ्या जगाच्या मनाचा नियम बांधता येतो का, हा त्यामागचा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. मतभेद होते, पण कटुता नव्हती. १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला या संस्थेने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली.

कसोटीवर काय टिकले?

आता मुख्य प्रश्न. हे सगळे शास्त्र आहे काय? तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची हरकत अशी होती, की जी उपपत्ती कधी चूक ठरूच शकत नाही, तिला शास्त्र म्हणता येत नाही. मुलगा वडिलांवर रागावला, तर 'पाहा, राग आहेच'. रागावला नाही, तर 'रागाचे दमन केले आहे'. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकायचे, तर चुकणार कधी?

म्हणून पुढच्या पिढ्यांनी एकेक कल्पना प्रयोगाला लावली. १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठराविक अंतराने बुबुळे वेगाने हलतात आणि त्या वेळी माणसाला उठवले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. झोपेच्या या अभ्यासामुळे 'प्रत्येक स्वप्न म्हणजे दडलेली इच्छा' हे मत मागे पडले. बोलण्यातल्या पुष्कळशा चुकाही सारख्या ध्वनींच्या गोंधळातून होतात; त्यांत गुपित असतेच असे नाही.

आता एक प्रयोग तुम्हीच करा. पाच मिनिटे काहीही विचार करा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आठवण आली, की कागदावर एक रेघ मारा. ताडोबातले अस्वल काळे, त्यामुळे पांढऱ्याची आठवण यायचे काही कारण नाही, होय ना? तरी रेघा पडतील. डॅनिएल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हाच प्रयोग प्रसिद्ध केला. आधी विचार दाबायला सांगितलेल्यांच्या मनात, बंदी उठल्यावर तो विचार अधिकच येऊ लागला. दाबलेली गोष्ट नाहीशी होत नाही, या कल्पनेला येथे काहीसा आधार मिळाला.

पण आपल्या कोळशाच्या ढिगाचे काय? आतली वाफ जोराने बाहेर काढली, की मन निवते, हे खरे का? २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याने चिडवले त्याला डोळ्यांपुढे आणून ज्यांनी पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्तच निघाला. म्हणजे आदळआपट करणे हा ढीग निववण्याचा नव्हे, त्याला वारा घालण्याचा प्रकार झाला. उपमा इथे मोडते. मनातला राग म्हणजे साठलेली उष्णता नव्हे. उपयोग होतो तो शांतपणे शब्द शोधण्याचा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावले. त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या नंतरच्या महिन्यांत कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच आढळला, सगळीकडे आढळलाही नाही. तरी वही-पेन्सिलीचा हा उपाय स्वस्त आहे.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ॲरन बेक यांची. ते स्वतः मनोविश्लेषक होते. खिन्नतेच्या रोगात माणूस दुसऱ्यावरचा राग स्वतःवर उलटवतो, हे फ्रॉइड यांचे मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. अपेक्षा रागाची होती. सापडले ते अपयश आणि गमावल्याचे दुःख. बेक यांनी पुरावा फेकला नाही, मत बदलले. 'मी निरुपयोगी आहे', 'आता काहीच चांगले होणार नाही' अशा मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांची तपासणी करण्याची उपचारपद्धती त्यांनी १९६० च्या दशकात उभी केली. मनोविश्लेषणातूनच बाहेर पडलेले अल्बर्ट एलिस यांनी त्याआधी १९५५ मध्ये अशीच विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती. ती महाराष्ट्रात रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. त्यांनीही एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला. पुन्हा टपालच!

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट: स्वतःला दुसरा प्रश्न विचारा. भावावर ओरडलात, तर 'त्याने पेन घेतले म्हणून' हे पहिले उत्तर. 'खरेच एवढ्यासाठी का?' हा दुसरा प्रश्न. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल.

दुसरी: हे शस्त्र दुसऱ्यावर चालवू नका. 'तू दमन करतोस', 'तुला न्यूनगंड आहे' अशी चिठ्ठी मित्राच्या पाठीवर चिकटवणे हे शास्त्र नव्हे. संरक्षण यंत्रणा आधी आपल्यातल्या शोधायच्या.

तिसरी: भीतीला बाहेर गुन्हेगार शोधू नका. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा तर राज्यात २०१३ पासून आहे. आजार किंवा संकटाचे कारण कळत नाही, तेव्हा मन कुणाकडे तरी बोट दाखवायला उतावीळ होते. ते बोट उचलण्यापूर्वी थांबणे, हे प्रत्येक शिकलेल्या मुलाचे काम आहे.

चौथी: ऐका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली; तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीरोगाची तक्रार ५५ टक्के स्त्रियांनी सांगितली. तपासणीत आजार सापडला ९२ टक्के स्त्रियांत. पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. हे आजार शरीराचे होते, पण धडा मनालाही लागू आहे: कुणी बोलत नाही, याचा अर्थ दुखत नाही असा नव्हे.

म्हणून परीक्षेच्या सकाळी कुणाचे पोट दुखले, तर 'नाटक करतो' म्हणू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. शरीरात काही नसेल, तरी दुखणे खरेच असते. रोज झोप उडत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. आई, वडील, शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

माजरीत कोळशाच्या ढिगातून धूर दिसला, की कुणी ढिगाला शिव्या देत नाही. जाणकाराला बोलावतात आणि धग कुठे आहे ते शोधतात. आपल्या माणसांच्या बाबतीत निदान एवढे तरी आपल्याला करता यायला हवे.

विचार करा आणि करून पाहा

१. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण कोणत्या संरक्षण यंत्रणेचे उदाहरण आहे? अशा आणखी तीन म्हणी शोधा.

२. एक आठवडा रोज रात्री, दिवसात केव्हा राग आला आणि तो कुणावर निघाला, हे दोन ओळींत लिहा. वही कुणाला दाखवू नका. आठवड्याच्या शेवटी स्वतःच वाचा.

३. ॲरन बेक यांनी आपले मत का बदलले? पुरावा पाहून मत बदललेल्या आणखी एका शास्त्रज्ञाची माहिती मिळवा.

शिक्षकांसाठी: पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग वर्गात सहज होतो. दोन गट करून रेघांची सरासरी काढल्यास गणिताचीही उजळणी होईल. दुसऱ्या प्रश्नातील वह्या मात्र तपासू नयेत.